नाक शिंकरण्याचा धडा

आमच्या घरांतील मुलांना आम्हीं काय काय शिकविलें याची यादी करावयास बसलें, तर ती बरीच लांबेल. शुभंकरोति शिकविलें, पाढे शिकविले, वडील माणसांना वाकून नमस्कार करावयास शिकविलें, पानांत वाढलेलें टाकूं नये हें शिकविलें. परंतु नाक कसें शिंकरावें हें मात्र कोणीं कोणास कधीं शिकविल्याचें मला स्मरत नाहीं. ‘नाक पूस’, ‘नाक ओढूं नकोस’ आणि ‘शेंबडा कुठला!’ एवढ्या तीन वाक्यांवर आमच्या घरच्या तीन पिढ्या वाढल्या. या उणिवेची जाणीव मला साठी उलटल्यावर झाली, आणि तीहि सिरोंच्यासारख्या दूरच्या गांवीं.

माझा धाकटा मुलगा नोकरीनिमित्त सिरोंचा येथें राहतो. महाराष्ट्राच्या अगदीं आग्नेय टोंकाला, जेथें प्राणहिता गोदावरीस मिळते, तेथें हें गांव वसलें आहे. पूर्वीं हा तालुका चांदा जिल्ह्यांत होता. २६ ऑगस्ट १९८२ रोजीं गडचिरोली जिल्हा निराळा झाला, तेव्हांपासून तो त्या जिल्ह्यांत मोडतो. पलीकडच्या तीरावर तेलंगणांतील कालेश्वराचें देवस्थान आहे. गांवांत मराठीच्या जोडीला तेलुगु सर्रास चालते, आंतल्या अरण्यांतून माडिया ऐकूं येते. जिल्ह्याचें ठिकाण दोनशें किलोमीटरांहून अधिक दूर. लहानसहान दुखण्यासाठीं मोठ्या शहरांतील तज्ज्ञाकडे धांव घ्यावी, अशी सोय तेथें नाहीं. जें घरांत सांभाळतां येईल तें घरांतच नीट सांभाळावें, हा धडा तो मुलूख माणसाला आपोआप देतो.

एका पावसाळ्यांत मी तेथें दोन महिने होतें. नातू साडेतीन वर्षांचा. त्याला पडसें झालें. नाक सारखें वाहे, आणि तो तें सारखें वर ओढी. मला तें पाहवेना. एके संध्याकाळीं मीं त्याला पुढ्यांत ओढलें, दोन्ही नाकपुड्या पदरांत घट्ट धरल्या आणि म्हटलें, “शिंकर! जोरानें! आणखी जोरानें!” बिचाऱ्यानें गाल फुगविले, डोळे मिटले आणि होता नव्हता तेवढा जोर लावला. बाहेर कांहींच आलें नाहीं. मी त्रासून म्हटलें, “एवढेंसुद्धां येत नाहीं तुला!” तो कांहीं बोलला नाहीं, खालच्या मानेनें निघून गेला.

त्याच रात्रीं दीडच्या सुमारास तो कान धरून रडत उठला. बाहेर पाऊस कोसळत होता, वीज गेलेली होती, आणि अंधारांत त्या पोराचें कण्हणें ऐकत आम्हीं सकाळ केली. सकाळीं डॉक्टरांनीं कान तपासला व पडद्यामागें सूज असल्याचें सांगितलें. मीं संध्याकाळचा प्रकार कबूल केला. ते वयानें माझ्या मुलाएवढेच, सौम्यपणें म्हणाले, “आजी, त्या जोरामुळेंच हें झालें असें मी म्हणणार नाहीं. लहान मुलांना पडशांत कान दुखणें नेहमींचेंच. पण दोन्ही नाकपुड्या दाबून जोर करविला, म्हणजे नाकांतला द्रव कानाकडे ढकलला जाऊं शकतो. आपण त्याला शिंकर म्हणून सांगितलें. पण कसें शिंकरावें हें कधीं शिकविलें होतें का?”

या प्रश्नाला माझ्यापाशीं उत्तर नव्हतें.

घरीं आल्यावर मला एक जुनी गोष्ट आठवली. इटलींतील विख्यात शिक्षणशास्त्रज्ञ डॉ. मारिया माँटेसरी यांनीं ६ जानेवारी १९०७ रोजीं रोम शहराच्या सान लोरेंझो नांवाच्या गरीब वस्तींत आपलें पहिलें बालगृह उघडलें. तेथें एके दिवशीं त्यांनीं मुलांना नाक शिंकरण्याचा धडा दिला. रुमाल कसा धरावा, आवाज न करितां आणि इतरांच्या डोळ्यांवर न येतां नाक कसें साफ करावें, हें त्यांनीं किंचित् विनोदानें करून दाखविलें. मुलें हंसतील असें त्यांना वाटलें होतें. परंतु एकहि मूल हंसलें नाहीं. सर्वांनीं एकचित्तानें पाहिलें, आणि धडा संपतांच नाटकगृहांत व्हावा तसा टाळ्यांचा कडकडाट झाला. बाई निघाल्या तेव्हां मुलें त्यांचे आभार मानीत मागोमाग धांवलीं. एवढ्याशा गोष्टीचें एवढें अप्रूप कां वाटावें, याचा त्यांनीं विचार केला, आणि मग त्यांना उमगलें तें असें: नाकावरून मुलांना सदैव बोलणीं बसतात, चारचौघांत त्यांचा पाणउतारा होतो, पण तें कसें साफ करावें हें शांतपणें त्यांना कोणीच शिकवीत नाहीं. त्यांनीं प्रथमच त्या मुलांना अपमानाशिवाय ही विद्या दिली होती. शाळेंत जातांना मुलाच्या छातीवर सर्वांना दिसेल असा रुमाल टाचण्याची रीतहि त्यांना खटकली होती. आपल्याकडे बालवर्गांत जाणाऱ्या मुलांच्या सदऱ्यावर पिनेनें अडकविलेला रुमाल आपण सर्वांनींच पाहिला आहे. तो दिला जातो. वापरावा कसा, तें मात्र सांगितलें जात नाहीं.

माँटेसरीबाईंचा हा विचार आपल्या महाराष्ट्रांत आणण्याचें श्रेय मुख्यतः कै. ताराबाई मोडक यांच्याकडे जातें. भावनगर येथें गिजुभाई बधेका यांच्या सहवासांत त्यांनीं बालशिक्षणाचें व्रत घेतलें. पुढें १९४५ सालीं तेव्हांच्या ठाणें जिल्ह्यांतील बोर्डी या खेड्यांत त्यांनीं काम आरंभिलें, व कै. अनुताई वाघ यांची त्यांना जन्माची साथ मिळाली. नंतर हें कार्य कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांत रुजलें. मुलें शाळेंत येत नसतील, तर शाळेनें त्यांच्या अंगणांत जावें, ही अंगणवाडीची कल्पना ताराबाईंचीच. २ ऑक्टोबर १९७५ पासून केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली, आणि अंगणवाडी हा शब्द देशभर गेला. आज सिरोंचा तालुक्यांतील खेड्यांतूनहि अंगणवाड्या आहेत. रोममधील त्या धड्याचा धागा असा आपल्या अरण्यापर्यंत पोहोंचला आहे. आपल्या घरांत मात्र तो अजून यावयाचा आहे.

आतां हा धडा द्यावयाचा, तर नाकाचें काम थोडें समजून घेतलें पाहिजे. नाक हें श्वासाचें द्वारपाल आहे. आंत जाणारी हवा तें गरम करितें, ओलसर करितें आणि गाळून घेतें. आपण ज्याला किळसवाण्या स्वरांत शेंबूड म्हणतों, तो या गाळणीचा चिकट लेप आहे. धूळ व जंतु त्यांत अडकतात, आणि आंतील सूक्ष्म केसांची लव हा लेप हळूहळू घशाकडे सरकवीत असते. पडसें झालें कीं तो वाढतो. पिवळा किंवा हिरवट झाला तरी तेवढ्यावरून भारी औषधाची गरज आहे असें ठरत नाहीं. लहान मुलांना वर्षांतून सहा ते आठ वेळां पडसें येणें स्वाभाविक आहे, व तें बहुधा आठदहा दिवसांत आपोआप ओसरतें.

नाकाच्या मागल्या बाजूनें कानाच्या आंतल्या कप्प्याकडे एक बारीक नळी जाते. मोठ्या माणसांत ती लांब व उतरती असते. मुलांत आंखूड आणि जवळजवळ आडवी. म्हणून नाकांतील उपद्रव मुलांच्या कानांत चटकन शिरतो. अमेरिकेंतील संशोधकांनीं २००० सालीं एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांत शिंकतांना, खोकतांना व नाक शिंकरतांना नाकांत किती दाब उत्पन्न होतो हें मोजलें. शिंकेच्या व खोकल्याच्या मानानें शिंकरण्याचा दाब कितीतरी पट अधिक भरला, आणि त्या दाबानें नाकांतील द्रव चेहऱ्याच्या हाडांतील पोकळ्यांत ढकलला जातो असें दिसून आलें. तात्पर्य, नाक शिंकरावें. पण हळुवार, आणि एका वेळीं एकच नाकपुडी. जोर ही येथें कुचकामाची वस्तु आहे. शिंक मात्र कधीं दाबूं नये. चरकाचार्यांनीं ज्या तेरा वेगांचें धारण करूं नये असें सांगितलें आहे, त्यांत शिंकेचाहि समावेश आहे.

मुलाला हें अवघड कां वाटतें? कारण श्वास नाकानें आंत ओढणें त्याला उपजत येतें. तोंड मिटून तो नाकानें बाहेर फुंकणें ही शिकण्याची कला आहे. दोन वर्षांनंतर मूल ती समजूं लागतें, व तिसऱ्याचौथ्या वर्षीं बहुतेकांना साधते. घाई करूं नये, आणि मुख्य म्हणजे पडसें नसतांना, मूल खेळकर असतांना हा धडा द्यावा. बुडत्या माणसाला कोणी पोहणें शिकवीत नाहीं.

आमचा धडा नातवाचा कान बरा झाल्यावर सुरू झाला. सुनेनें उशींतला चिमूटभर सांवरीचा कापूस काढला. त्या रानांत सांवरीचीं झाडें विपुल. उन्हाळ्यांत बोंडें फुटलीं कीं तो रेशमी कापूस वाऱ्यावर तरंगत असतो. पहिल्या दिवशीं तळहातावरचा कापूस तोंडानें फुंकून उडवावयाचा, एवढाच खेळ. दुसऱ्या दिवशीं कापूस ताटलींत ठेवला, आणि ओंठ मिटून नाकाच्या वाऱ्यानें तो हलवावयाचा ठरलें. प्रथम त्यानें संवयीनें श्वास आंतच ओढला, आणि कापूस नाकाला येऊन चिकटला! सगळीं हंसलीं, तोहि हंसला. दोन दिवसांनीं कापूस पुढें सरकला. मग आरसा आणला. नाकाखालीं आरसा धरून श्वास सोडला कीं वाफेचे दोन ठिपके उमटतात. एक नाकपुडी बोटानें मिटली कीं एकच उमटतो. हें पाहून त्याला इतका आनंद झाला कीं दिवसभर तो आरसा त्यानें सोडला नाहीं. उजवी आणि डावी नाकपुडी ही गोष्ट त्याला अशी शब्दांवांचून कळली.

घरकामाला येणाऱ्या बाई तेलुगु बोलणाऱ्या. त्या हें सारें दारांतून पाहत होत्या. एकदां पदर सांवरीत त्या पुढें आल्या, मुलापुढें उकिडव्या बसल्या आणि म्हणाल्या, “मुक्कु चीदु!” मुक्कु म्हणजे नाक, चीदु म्हणजे शिंकर. पाठोपाठ स्वतःची एक नाकपुडी मिटून त्यांनीं हळूच फुंकर सोडून दाखविली. मुलानें तत्काळ तसेंच केलें. मग माझ्याकडे पाहून त्या हंसल्या, “अम्मा, जोर नको.” मीं मान डोलविली. साठ वर्षांत मला न सुचलेली गोष्ट त्या माउलीनें दोन शब्दांत सांगितली होती.

प्रत्यक्ष नाक शिंकरतांना क्रम असा ठेवावा: मऊ फडकें नाकाखालीं नुसतें धरावें, चिमटीनें दाबूं नये, एक नाकपुडी बोटानें हलकेच मिटावी, दुसरीनें सावकाश फुंकावें, मग बाजू बदलावी. दोनतीनदां करूनहि कांहीं न आल्यास थांबावें, आणि थोड्या वेळानें, आंघोळीनंतर नाक ओलसर असतांना, पुन्हां पाहावें. नाकांतून नुकतेंच रक्त आलें असेल तर त्या दिवशीं शिंकरूंच देऊं नये. शेवटीं हात साबणानें धुवावे. आणि ज्या मोठ्या माणसानें नाक पुसलें असेल त्यानेंहि ते धुवावे.

ज्यांना अद्याप शिंकरतां येत नाहीं अशा तान्ह्यांचें काय? पहिले कांहीं महिने मूल मुख्यतः नाकानेंच श्वास घेतें, म्हणून नाक चोंदलें कीं त्याला अंगावर पितां येत नाहीं. औषधाच्या दुकानांत मिळणाऱ्या मिठाच्या पाण्याचे एकदोन थेंब पाजण्यापूर्वीं नाकांत सोडावे व मऊ रबरी गोळ्यानें अलगद ओढून घ्यावें. नाकांत घालावयाचें पाणी घरीं करावयाचें असल्यास तें उकळून गार केलेलेंच असावें. विहिरीचें वा नळाचें तसेंच वापरूं नये. आणि येथें घरोघरच्या आजीबाईंना माझी हात जोडून विनंति आहे. न्हाऊं घालतांना बाळाच्या नाकांत तेल सोडण्याची चाल बंद करावी. तें तेल फुप्फुसांत उतरून तेथें दाह होतो. वेखंडाची पूड नाकाजवळ उधळूं नये, कापराचे उग्र मलम नाकपुडींत लावूं नये, आणि उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर मुलाला ओणवें करूं नये. पोळण्याचे अपघात त्यानेंच होतात.

पडशाच्या गोड औषधांचा मोहहि आवरावा. २०२५ सालीं मध्य प्रदेशांतील छिंदवाडा भागांत विषारी द्रव्य मिसळलेल्या खोकल्याच्या औषधानें वीसाहून अधिक मुलें दगावलीं. त्यांतील कित्येकांना उपचारासाठीं नागपुरास आणलें होतें. त्यानंतर केंद्रीय आरोग्य खात्यानें स्पष्ट बजाविलें कीं दोन वर्षांखालील मुलांना खोकल्यापडशाचीं औषधें देऊं नयेत, आणि पांच वर्षांखालींहि तीं सामान्यतः टाळावीं. साध्या पडशाला स्वच्छ नाक, भरपूर पेय आणि विश्रांति एवढें पुरतें.

एकत्र कुटुंबांत आणखी एका गोष्टीकडे लक्ष हवें. आमच्या नागपूरच्या घरीं पांच मुलें एकाच वेळीं नांदतात, आणि कोणाचेंहि नाक वाहूं लागलें कीं जवळ असेल त्या बाईचा पदर पुढें होतो. त्या पदरामागें माया असते, यांत संशय नाहीं. पण एका नाकाचें पडसें पांच नाकांना वाटण्याचें कामहि तोच करितो. सिरोंच्याहून परतल्यावर मीं जुन्या धोतरांचे चौकोन कापले, प्रत्येक मुलाचा रंगीत दोरा निराळा ठेवला, आणि ते रोज गरम पाण्यांत धुण्याची व्यवस्था केली. मुलें आपला दोरा ओळखतात. चुलीचा वा उदबत्तीचा धूर जेथें कोंडतो त्या खोलींत तान्ह्याला निजवूं नये, हाहि नियम तेव्हांच केला.

नाकावर नजर ठेवतांना छातीकडे दुर्लक्ष होतां कामा नये. याच गडचिरोली जिल्ह्यांत डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनें गांवांतील स्वयंसेवकांना व सुइणींना मुलांचा न्युमोनिया ओळखावयास व औषध द्यावयास शिकविलें. ज्यांना अंक येत नव्हते अशा बायांसाठीं मणी सरकवून श्वास मोजण्याचें साधें साधन केलें. १९९० सालीं ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकांत त्याचें फळ प्रसिद्ध झालें: इतर गांवांत पांच वर्षांखालील दर हजार मुलांमागें न्युमोनियानें १७.५ मृत्यु होत असतां, काम झालेल्या गांवांत ते ८.१ वर आले. निरक्षर सुईण जें शिकली, तें आपणहि शिकलें पाहिजे. मूल शांत असतांना पूर्ण एक मिनिट त्याचें पोट हलतांना मोजावें. दोन महिन्यांखालीं ६० वा अधिक, दोन महिन्यांपासून वर्षापर्यंत ५० वा अधिक, आणि एक ते पांच वर्षांत ४० वा अधिक श्वास भरले, किंवा श्वासासरशीं छातीचा खालचा भाग आंत ओढला जाऊं लागला, तर तें पडसें नव्हे. तत्काळ डॉक्टर गांठावा. तसेंच एकाच नाकपुडींतून दुर्गंधीयुक्त स्राव येत असेल, तर मुलानें मणी, चारोळी किंवा चिंचोका आंत घातला असावा असें समजावें. तो घरीं चिमट्यानें काढण्याचा खटाटोप करूं नये.

हें सर्व लिहिण्याचा हेतु एवढाच कीं, ‘शेंबडा’ हा शब्द आपण मुलाला लावतों तेव्हां दोष त्याचा नसतो. न शिकविलेल्या धड्याची ती शिक्षा असते, आणि शिक्षक आपण असतों.

सिरोंच्याहून निघण्याच्या आदल्या दिवशीं नातू ओसरीवर बसला होता. समोर शेजारची दोन वर्षांची मुलगी, नाक वाहत असलेली. त्यानें तिच्यापुढें ताटली ठेवली, त्यांत कापसाचा पुंजका ठेवला आणि गंभीर चेहऱ्यानें सांगूं लागला, “असें नाहीं, असें. आणि जोर नाहीं लावायचा.” मी आंतून ऐकत होतें. मीं त्याला जें सांगावयास हवें होतें, तें तो दुसऱ्या कोणाला सांगत होता. त्यानें मला क्षमा केली होती कीं नाहीं, कोण जाणे. पण तिला रागावला मात्र नाहीं.